बत्तीस फोटो

जुना कॅमेरा घरात आला की मी आधी त्याचे सेल काढतो. लेन्स नंतर, शटर नंतर, चहासुद्धा नंतर. आत विसरलेला सेल वर्षा-दोन वर्षांत पाझरायला लागतो आणि तांब्याच्या पट्ट्या खाऊन टाकतो. असे मेलेले कॅमेरे मी इतके पाहिलेत की आता बोटांना काही सांगावं लागत नाही. कुणाच्या घरी भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ दिसलं, तर गप्पा मारता मारता माझा हात त्याच्या पाठीशी जातो. सासुरवाडीला मला 'सेलकाका' म्हणतात. मेहुण्याने एकदा मला चिडवायला घरातला टॉर्च लपवून ठेवला होता. सगळे पोट धरधरून हसले. मी टॉर्च शोधून काढला आणि उघडून दाखवला. सेल पाझरलेले होतेच. मग कुणी हसलं नाही.

माझ्याकडे एकशे त्रेचाळीस कॅमेरे आहेत. भात्याचे आहेत, डब्याचे आहेत, वरून डोकावून बघायचे दोन डोळ्यांचे आहेत. बायको म्हणते, "यातल्या एकाने तरी कधी माझा फोटो काढलाय का?" तिचं बरोबर आहे, नाही काढलेला. रीळ मिळत नाही, मिळालं तर धुणारा मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मला फोटोंमध्ये फारसा रस नाही. मला यंत्र आवडतं. शटरचा आवाज ऐकून मी ते कुठल्या दशकातलं आहे ते सांगू शकतो. लोकांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे.

सगळ्यात खालच्या फळीवर पहिल्या पिढीतले डिजिटल कॅमेरे आहेत. जाडजूड, करडे, विटेसारखे. माझ्या छंदातले लोकसुद्धा त्यांना नाक मुरडतात. मला त्यांची दया येते. चार-पाच वर्षांत कुणी विचारीनासं झालं, मग अडगळ. अशा नऊ विटा माझ्याकडे आहेत. दहावी नव्हती. दहावी माझ्या वहिनींकडे होती आणि तिच्यावर माझा कित्येक वर्षांपासून डोळा होता. हे मी लपवत नाही, घरात सगळ्यांना माहीत आहे.

तो दादाचा कॅमेरा. माझा थोरला भाऊ एका कारखान्याच्या तपासणी विभागात होता. तिथे यंत्रांच्या भेगांचे फोटो काढायला म्हणून तो कॅमेरा आला होता. फोटो धूसर येतात म्हणून कारखान्याने थोड्याच दिवसांत तो भंगारात काढला, तेव्हा दादाने मागून घेतला. त्याला मागे पडदा नाही, आत कार्ड नाही. बत्तीस काळेपांढरे फोटो मावतात, ते कॉम्प्युटरला जोडल्याशिवाय दिसत नाहीत, आणि वीज आहे तोवरच टिकतात. स्टँडवर ठेवला की भिंतीतल्या वायरवरून वीज घेतो, उचलला की आतल्या तीन सेलवर. दोन्ही तुटलं की सगळं पुसलं. हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या छंदातल्या लोकांना मी हे रंगवून सांगायचो, "जगातला सगळ्यात विसराळू कॅमेरा!" आणि ते हसायचे. तसे दोन कॅमेरे मी दुसऱ्यांकडे हाताळलेही होते, दोन्ही मढी. जिवंत असा एकच, वहिनींच्या स्वयंपाकघरात, फ्रिजशेजारच्या कट्ट्यावर, हिरवा बारीक दिवा लागलेला. तीस वर्षं मी त्या घरात जेवतोय आणि तो दिवा का लागलेला आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

"वहिनी, तो कॅमेरा द्या की मला," मी दर भेटीत म्हणायचो.

"तेवढा सोडून काहीही मागा भावोजी. मिक्सर न्या, नवाच आहे."

दादा जाऊन नऊ वर्षं झाली. आठवण म्हणून ठेवला असेल, असं मी समजून चाललो होतो. चोवीस तास वीज चालू ठेवून या बाई एका दुर्मिळ वस्तूची वाट लावतायत, असंही मला वाटायचं. एक-दोनदा मी ते बायकोपाशी बोलून दाखवलं होतं. वर माझा शहाणपणा असा, की नव्या लोकांना वस्तूची कदर नसते, आणि जुन्यांना अक्कल नसते.

गुरुवारी वहिनींचं सामान हलायचं होतं. गुडघे गेले होते, जिने झेपत नव्हते, म्हणून त्या मुलीकडे राहायला चालल्या होत्या. माझी पुतणी वरच्या खोलीत कपड्यांची खोकी बांधत होती. सामान नेणारी माणसं बाहेर टेम्पोवाल्याशी वाद घालत होती. मला स्वयंपाकघर दिलं होतं, म्हणजे भांडी कागदात गुंडाळायची. चार बशा गुंडाळल्यावर माझं लक्ष कट्ट्याकडे गेलं.

मनात काय आलं ते जसंच्या तसं सांगतो. पहिलं असं, की हे लोक याला भांड्यांच्या खोक्यात कोंबतील आणि लेन्स फुटेल. दुसरं असं, की मी तो माझ्या पिशवीत नीट घालून ठेवला, तर 'राहू दे आता तुमच्याकडेच' असं कदाचित कुणीतरी म्हणेल. दुसरा विचार पहिल्याच्या पाठीमागे उभा होता, पण होता तो आधीपासून.

मी भिंतीतला प्लग काढला. कॅमेरा स्टँडवरून उचलला, पालथा केला, अंगठ्याने सेलचं झाकण सरकवलं आणि तिन्ही सेल तळहातावर पाडले. एवढं सगळं बशी गुंडाळायला लागतो त्याहून कमी वेळात झालं. हात आपणहून चालले होते. मी तेव्हा गंजलेल्या पट्ट्या बघायला वाकलो होतो.

पट्ट्या लख्ख होत्या. सेल नवे होते. नुसते नवे नाहीत, कोरे करकरीत. कालच पाकिटातून काढल्यासारखे.

जुन्या कॅमेऱ्यात नवे सेल कोण घालतं? एवढं मनात आलं. स्टँड उचलून पाहिला. त्याच्या बुडाला एक पुठ्ठा चिकटवलेला होता. वर दादाच्या ठसठशीत अक्षरात तारखा, एकाखाली एक, दर चार महिन्यांची एक. सेल बदलल्याच्या तारखा. पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवत ती थप्पी बोटभर जाड झाली होती. नऊ वर्षांपूर्वी एके जागी अक्षर बदललं होतं. तिथून पुढे वहिनींचं गोल, शाळेतल्यासारखं अक्षर. शेवटची तारीख कालची.

मी सेल परत कोंबले. एक उलटा गेला, तो काढून सुलटा घातला. कॅमेरा स्टँडवर ठेवून प्लग लावला. हिरवा दिवा लागला, अगदी पूर्वीसारखा, काही झालंच नाही असा. किती वेळ गेला असेल? दीड मिनिट? दोन?

तेवढ्यात वहिनी शेजारून चहा घेऊन आल्या. कट्ट्याकडे पाहिलं आणि हसल्या.

"त्याला मात्र हात लावू नका हां भावोजी. तो मी मांडीवर घेऊन जाणार आहे. कालच नवे सेल घातलेत, दिवसभर पुरतात."

"का हो?" मी विचारलं.

त्यांनी स्टूल ओढलं, बसल्या आणि गुडघा चोळत सांगायला लागल्या. त्यांना वाटत होतं, मी ऐकून खूश होईन.

पुतणीनंतर चार वर्षांनी वहिनींना दुसरी मुलगी झाली होती. दिवस भरायच्या आधीच झाली. वहिनींना त्या वेळी इतका ताप चढला, की त्या बारा दिवस शुद्धीवर नव्हत्या. बाळाला शहराच्या दुसऱ्या टोकाला, लहान मुलांच्या हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. ते नऊ दिवस जगलं. वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. हे मला माहीत होतं, आमच्या घरातला तो न बोलण्याचा विषय. दादाने कारखान्यातून कॅमेरा आणून बाळाचे फोटो काढले होते, हेही माहीत होतं. मी त्याच्याबरोबर गेलो होतो. ते फोटो पुढे कुठे गेले, हे मी तीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"बत्तीसच्या बत्तीस तिचेच आहेत," वहिनी म्हणाल्या. "सुरुवातीला हे मला विचारायचे, बघायचेत का. मीच नको म्हणायचे. मला वाटायचं, बघितलं तर मी उठणारच नाही. मग दोन वर्षांनी मी म्हटलं, दाखवा. तर यांचाच धीर होईना. आज करू, उद्या करू. आणि मग कारखान्याने ते कॉम्प्युटरच बदलले, वायर गेली, सगळं गेलं. तेव्हा हे म्हणाले, फोटो आत आहेत तोवर आहेत. आपण वीज घालवायची नाही."

"आणि तुम्ही… पाहिलेच नाहीत?"

"मी तिला पाहिलेलंच नाही भावोजी," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे की."

माहीत होतं. माहीत असणं आणि समजणं यात एवढं अंतर असतं, हे मला त्या स्टुलासमोर उभं राहून कळलं.

पुतणीने महिनाभर शोधून एक माणूस गाठला होता. जुने कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. त्याच्याकडे ती वायरही होती आणि तो प्रोग्रामही. शनिवारी अकराची वेळ दिली होती.

"तुम्हालाही यायचंय," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही त्यातले जाणकार. तो काय बोलेल ते मला कळायचं नाही. खरं म्हणजे पाच वर्षांपूर्वी मी तुम्हाला विचारलं होतं, यातलं काही काढता येईल का म्हणून."

"मी काय म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, वहिनी, त्याचे सेल संपले की सगळं जातं. मी म्हटलं, आणि नाही संपले तर? तर तुम्ही हसलात. म्हणालात, सेल संपत नाहीत असं कधी होतं का?" त्याही हसल्या. "मग मी नाही पुढे बोलले. तुमच्या मागे तेव्हा तुमचं काहीतरी प्रदर्शन होतं."

चहा निवला होता. मी तो तसाच पिऊन टाकला आणि उरलेली भांडी गुंडाळली. बोलायला हवं होतं. तिथेच, त्या क्षणी. पण मी खोक्याला दोरी बांधत राहिलो. वहिनी कॅमेरा नव्या सेलवर मांडीत घेऊन गाडीत बसल्या, त्यावर आपला स्वेटर पांघरला आणि वाटभर खड्डा आला की दोन्ही हात त्यावर ठेवत होत्या. मी पुढच्या सीटवर बसून आरशातून ते बघत होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली.

"आत्ता फोन करा."

"अगं, राहिलेही असतील. सर्किटमध्ये थोडी वीज धरून ठेवणारा एक भाग असतो. दोन मिनिटं म्हणजे काही…"

"मग तसं सांगा. दोन मिनिटं काढले होते, राहिले असतील, गेले असतील. फोन करा."

मी फोन केला नाही. कॅमेरे जमवणाऱ्यांचा आमचा एक गट आहे, फोनवर चालतो. तिथे मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, या मॉडेलचे सेल काढल्यावर फोटो किती वेळ तगतात. एकाने लिहिलं, पाच मिनिटं. दुसऱ्याने लिहिलं, दहा सेकंद. तिसऱ्याने लिहिलं, जिवंत असा कुणी पाहिलाय का मुळात? त्याखाली सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. पाच मिनिटंवाल्याला मी पुन्हा विचारलं, नक्की का. तो म्हणाला, ऐकीव आहे. मी शुक्रवारचा सगळा दिवस त्या ऐकीव पाच मिनिटांवर काढला. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. मीठ, किल्ली, दार लावा. मी कॅमेऱ्यांच्या खोलीत जाऊन बसलो आणि पहिल्यांदाच तिथे मला कोंडल्यासारखं झालं.

शनिवारी अकराला आम्ही तिघं त्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. वह्या-पेनांच्या दुकानाच्या वर त्याची खोली होती. जिन्यावर वहिनींना मी धरलं, कॅमेरा पुतणीने. खोलीत पिवळे पडलेले कॉम्प्युटर एकावर एक रचलेले होते आणि टेबलावर एक चालू होता, पंख्यासारखा घरघरत. दुरुस्तीवाला पन्नाशीचा, किडकिडीत, कामाला लागला की गुणगुणणारा माणूस. एरवी माझं त्याच्याशी लगेच जमलं असतं. त्याने कॅमेरा दोन्ही हातांनी घेतला आणि दिवा बघून म्हणाला, "वा. बाई, तुम्ही कमाल केलीत. असा चालू मी आजवर एकही पाहिला नाही."

वहिनींनी मान खाली घातली. कौतुक झालं की त्या तशाच करतात. त्यांनी नवा चष्मा आणला होता. पर्समधून काढून, पुसून, त्या खुर्चीत पुढे सरकून बसल्या.

दुरुस्तीवाल्याने वायर जोडली. पडद्यावर काही अक्षरं आली. तो गुणगुणायचा थांबला. एक-दोन कळा पुन्हा दाबल्या, वायर काढून परत खोचली.

"काय झालं?" पुतणीने विचारलं.

"शून्य दाखवतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे आत काही नाही." तो पडद्याकडेच बघत होता. "याला आतमध्ये एक घड्याळ असतं. वीज तुटली की ते पहिल्यापासून सुरू होतं. ते सांगतंय, चालू होऊन दोन दिवस झाले. अठ्ठेचाळीस तास आणि वर काही मिनिटं. परवा सकाळी अकराच्या आसपास वीज तुटली होती."

पुतणी माझ्याकडे बघण्याआधी आईकडे वळली. "परवा? आई, सामान हलवताना? मी त्या माणसांना बजावलं होतं, कट्ट्याला हात लावायचा नाही!"

"त्यांनी नाही लावला," वहिनी म्हणाल्या. आवाज शांत होता, ओठ मात्र पांढरे पडले होते. "माझ्याच हातून झालं असणार. आदल्या दिवशी सेल बदलले ना, एखादा सैल बसला असेल. आणि सकाळी मी कट्टा पुसला. वायर हलली असेल. मला नेहमी तीच भीती वाटायची. हे बदलायचे तेव्हा कधी काही झालं नाही." त्यांनी चष्मा काढला. "मीच घालवली तिला. दुसऱ्यांदा."

आत्तापर्यंत मी गप्प होतो. गप्प राहिलो असतो तर सुटलोही असतो, कायमचा. बोललो तो मोठ्या मनाने बोललो असं कुणी समजू नये. ते 'दुसऱ्यांदा' मला ऐकवलं नाही, एवढंच.

"वहिनी, मी काढले सेल."

पुतणी माझ्याकडे वळली.

"परवा. तुम्ही शेजारी चहा आणायला गेला होतात तेव्हा. प्लग काढला, सेल काढले. नवे आहेत हे दिसल्यावर परत घातले. तुम्ही आलात तेव्हा नुकतेच घातले होते. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"काका, तू?" पुतणी उभी राहिली. "तुला तर माहीत होतं! तूच सगळ्यांना सांगत फिरतोस ना, विसराळू कॅमेरा म्हणून?"

"माहीत होतं."

"मग का काढलेस?"

"सवय," मी म्हणालो. आणि ते अर्धंच खरं होतं म्हणून पुढचंही बोललो. "आणि मला तो हवा होता."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मी तिला खांद्यावर घेऊन फिरलोय. ज्या नजरेने ती माझ्याकडे बघत होती, त्या नजरेने आजवर कुणी पाहिलं नव्हतं. मग ती जिना उतरून खाली गेली. दुरुस्तीवाल्याने उगाचच टेबलावरचे स्क्रू एका डबीत भरायला घेतले आणि "मी जरा पाणी आणतो," असं म्हणून तोही बाहेर पडला.

मला वाटलं, वहिनी रडतील, नाहीतर तळतळाट देतील. मी त्यासाठी तयार होतो. खरं तर मला ते हवं होतं. त्या मात्र बराच वेळ त्या शून्याकडे बघत बसल्या. मग खुर्ची माझ्याकडे वळवली.

"तुम्ही गेला होतात ना यांच्याबरोबर?"

"कुठे?"

"हॉस्पिटलात. फोटो काढायला. तुम्ही दोघंच होतात. हे तर गेले. आता तिला पाहिलेलं तुम्हीच एक उरलात भावोजी." त्यांनी चष्मा पुन्हा घातला, जणू काही बघायचंच होतं. "कशी होती? यांना मी कधी विचारू शकले नाही. तुम्ही सांगा."

आमच्या घरात सगळे समजतात, की त्या दिवशी मी भावाला सोबत म्हणून गेलो होतो. मी पंचवीस वर्षांचा होतो आणि रीळ नसलेला कॅमेरा मी जन्मात पाहिला नव्हता. तो बघायला गेलो होतो. बसमध्ये वाटभर तो माझ्याच हातात होता. त्याचा करडा रंग, उजव्या बाजूचं बटण किती दाबलं की टिचकी वाजते, लेन्सभोवतीचं पांढरं वर्तुळ, एका फोटोनंतर दुसऱ्यासाठी किती थांबावं लागतं, हे सगळं मला आज विचारा. खोलीत दादा पेटीवर वाकला होता आणि मी त्याच्या मागे उभा राहून एकेक टिचकी मोजत होतो. बत्तिसाव्याला कॅमेरा थांबतो का, हे मला बघायचं होतं. थांबला. मी दादाला म्हणालो, "भारी आहे रे!"

बाळाचा चेहरा मी आठवून पाहिला. डोळे मिटून, जीव तोडून आठवून पाहिला. नव्हता. दादाची पाठ होती, त्याच्या हातातली ती वीट होती, आणि चेहऱ्याच्या जागी काही नव्हतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी कॅमेराच बघत होतो."

हे बोलायला सेल काढल्याचं सांगण्यापेक्षा जड गेलं. त्यांनी ऐकलं, मान हलवली. पण सोडलं नाही.

"काहीतरी दिसलं असेल की. केस? रंग? रडत होती का?"

"नाही आठवत."

"भावोजी, काहीतरी. काहीही चालेल मला."

इतक्या अजिजीने त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. हात पसरून बसल्यासारख्या बसल्या होत्या, आणि त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी पुन्हा डोळे मिटले. दादाच्या कोपराखालून पेटीचा एक कोपरा दिसत होता. त्यात पांढरं कापड होतं. कापडाबाहेर काहीतरी होतं.

"टाच," मी म्हणालो. "दुपट्यातून एक टाच बाहेर आली होती."

"हं," वहिनी म्हणाल्या. "केवढी?"

मी अंगठा वर केला आणि पेराशी दुसऱ्या हाताचं बोट ठेवलं. "एवढी."

वहिनींनी पुढे वाकून माझा अंगठा आपल्या हातात घेतला. पेरापर्यंत बोटांनी चाचपला, एकदा, दोनदा, मग मूठ मिटून तो आत धरून ठेवला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि त्या हसत होत्या.

"एवढीशी," त्या म्हणाल्या. "एवढीशीच होती होय."

जिन्यावर दुरुस्तीवाल्याची पावलं वाजली, तरी त्यांनी हात सोडला नाही. आणि मी अंगठा ओढून घेतला नाही. ती टाच मी खरंच पाहिली होती, की त्यांना काहीतरी द्यायला हवं म्हणून मला तेव्हा दिसली, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही. परवा पुतणीचा फोन आला होता, माझ्याशी नाही, बायकोशी बोलायला. वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला अंगठ्याचं पेर दाखवून सांगतात म्हणे, माझ्या धाकटीची टाच एवढीशी होती, आमच्या भावोजींनी पाहिलीय.